कुपीवरचा शिक्का आणि न्याय

मद्यधुंद चालक रस्त्यावर माणसे चिरडतो, वृत्तपत्रांत मोठमोठे मथळे येतात आणि काही वर्षांनी तोच आरोपी निर्दोष सुटतो. ‘न्याय श्रीमंतांचाच’, असा उद्वेग मग घराघरांतून ऐकू येतो. हा संताप स्वाभाविक आहे. परंतु निकालपत्रे शांतपणे वाचली, तर असे खटले पुष्कळदा अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांतच हरलेले दिसतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले, की गुन्हा होतो. या कलमाखाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी २ तासांत झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. तोंडाला वास येत होता, तोल जात होता, एवढ्यावर मद्यपान निश्चित ठरत नाही; रक्ताची व लघवीची तपासणी हाच खात्रीचा मार्ग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच महाराष्ट्रातील एका खटल्यात सांगितले आहे.

मुंबईतील दोन खटले या दृष्टीने ताडून पाहण्यासारखे आहेत. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या ७ मजुरांचा मोटारीखाली बळी गेला. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल असल्याचा अहवाल न्यायालयात टिकला. सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

सप्टेंबर २००२ मधील सलमान खान प्रकरणी मात्र उलट घडले. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अहवालात ६२ मिलिग्रॅम अल्कोहोलची नोंद होती. पण रुग्णालयात घेतलेले रक्त ६ मिलिलिटर आणि प्रयोगशाळेत पोहोचलेले ४ मिलिलिटर! या तफावतीचे समाधानकारक उत्तर सरकार पक्षाजवळ नव्हते. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला.

दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या नियमांत ही सारी दक्षता आधीच लिहून ठेवली आहे. रक्त काढताना त्वचेला स्पिरिट लावायचे नाही, किमान ५ मिलिलिटर रक्त घ्यायचे, कुपीत ते टिकवणारे द्रव्य हवे, चिठ्ठी हवी आणि लाखेने मोहोर हवी. यांतील एक कडी निसटली, तरी बचाव पक्षाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. आणि त्यात गैर काही नाही. कारण हेच नियम उद्या एखाद्या निरपराध चालकालाही वाचवतात.

हलगर्जीपणाहून भयंकर असते ती लबाडी. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. तेथे सीसीटीव्ही होते, माध्यमे होती, जनक्षोभ होता. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावाजवळ मध्यरात्री एखादा शेतमजूर वाहनाखाली सापडला, तर कोण असते? ड्युटीवरचा अंमलदार, झोपेतून उठवलेला वैद्यकीय अधिकारी आणि आपसांत मिटवून टाका असे सांगणारी चार वजनदार माणसे. त्या मजुराच्या कुटुंबाला न्याय मिळणार की नाही, हे त्या रात्रीच ठरून जाते.

म्हणून केवळ कठोर शिक्षेची मागणी पुरेशी नाही. २०१९ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजार रुपयांपर्यंत गेला; पण सिद्धच न झालेल्या गुन्ह्याला कसला दंड? प्रत्येक पोलीस ठाण्यात चालू स्थितीतील श्वासतपासणी यंत्र, आरोग्य केंद्रात योग्य कुप्या आणि कुपी हातोहात गेल्याची नोंद, एवढी व्यवस्था शासनाने करावी. समाजाचेही कर्तव्य आहे. पंच म्हणून बोलावल्यावर मागच्या दाराने निघून जाणारे सज्जन आणि ठाण्यात फोन करून ‘आपलाच मुलगा आहे’ असे सांगणारे प्रतिष्ठित, दोघेही त्या मृताचे अपराधी आहेत. न्यायदेवतेच्या तराजूत पुरावाच ठेवला नाही, तर तिने तोलायचे तरी काय?