हात गेलेल्या मजुराचा टक्का कोण ठरवणार?

भंडारा रोड रेल्वे स्थानक, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि भंडारा-तुमसर रस्ता हे सारे वरठीत एकत्र येते. अवजड ट्रक, दुचाकीस्वार आणि पायी कामावर जाणारा मजूर यांची वाट एकच. अपघातात माणूस गेला तर गावभर चर्चा होते. जो वाचतो, पण कायमचा जायबंदी होतो, त्याचा दावा मात्र एकट्याच्या अंगावर पडतो.

अशा दाव्यात विमा कंपनी दोन गोष्टींवर वाद घालते: अपंगत्वाचा टक्का आणि महिन्याची कमाई. समजा, ३० वर्षांचा मजूर महिन्याला १०,००० रुपये कमावतो. सरला वर्मा निकालानुसार (२००९) या वयाला १७ चा गुणक लागतो. वर्षाचे १,२०,००० गुणिले १७ म्हणजे २०,४०,००० रुपये. कमाईचे नुकसान २० टक्के धरले तर ४,०८,००० मिळतात, ६० टक्के धरले तर १२,२४,०००. घर चालेल की मोडेल, हे त्या टक्क्यावर ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या निकालात स्पष्ट केले आहे की, डॉक्टरांनी दिलेला शरीराच्या अपंगत्वाचा टक्का आणि कमाईची क्षमता गमावल्याचा टक्का एक नव्हे. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराचे किंवा ड्रायव्हरचे जवळपास सगळेच जाते. म्हणून जखमी माणूस कोणते काम करत होता, हे न्यायाधिकरणापुढे पुराव्यासह आलेच पाहिजे. कमाईचा कागद नाही म्हणून मजुराची मजुरी शून्य होत नाही. रामचंद्रप्पा प्रकरणात (२०११) न्यायालयाने मजुराने सांगितलेली ४,५०० रुपयांची कमाई कागदाशिवाय मान्य केली होती.

वेळेचाही प्रश्न आहे. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत करण्याची अट लागू झाली. दोन शस्त्रक्रिया आणि प्लास्टर यातच गरिबाचे सहा महिने निघून जातात. ही अट आव्हानाखाली असून, मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी अंतिम निकालाच्या भरवशावर कुणी थांबू नये.

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, अपंगत्वाचा दाखला, हजेरीपत्रक, पासबुक हे सगळे जपून ठेवा. अपघात नागपुरात झाला तरी वरठीचा रहिवासी भंडाऱ्यात दावा करू शकतो. लोकअदालतीत तडजोडीवर सही करण्याआधी वरचा हिशेब करून पाहा. त्या निवाड्यावर अपील नाही.

वकिलाच्या फीची भीती दाखवली जाते. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीने हा दर्जा बौद्धांनाही आहे. महिला आणि दिव्यांग यांनाही तोच हक्क आहे. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.

विहारात जमणाऱ्या शिकलेल्या तरुणांनी जखमीच्या घरी फळे घेऊन जावेच, पण सोबत हा अर्जही न्यावा, असे आम्हाला वाटते. भरपाई ही कंपनीची मेहेरबानी नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.