पिंजऱ्याचे दार पडल्यानंतर

घरातील उंदीर पकडण्यासाठी पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावावा की भजे, यावर घरोघरी पुष्कळ खल होतो. मात्र दार पडल्यानंतर आत अडकलेल्या जिवंत उंदराचे काय करायचे, याचा विचार बहुधा उंदीर सापडल्यावरच सुरू होतो आणि म्हणून तो घाईने व भीतीपोटी केला जातो. पवनेकाठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर असलेल्या चिंचवडमध्ये गणपतीच्या वाहनाला मारताना हात कचरणे स्वाभाविकच आहे. त्यावरची प्रचलित तोड म्हणजे पिंजरा दुचाकीवरून नदीकाठी, पडीक प्लॉटवर किंवा भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील मोकळ्या जागेत नेऊन रिकामा करणे. या तोडीत दया नाही आणि सुरक्षितताही नाही.

घरउंदराचा वावर सहसा थोड्याच अंतरात असतो आणि त्यातील वाटा तो वासाने व भिंतीला अंग घासून ओळखतो. अनोळखी जागी टाकल्यावर त्याला बीळ, अन्न वा आडोसा मिळत नाही, तेथील उंदीर त्याच्यावर तुटून पडतात आणि बहुधा तो फार दिवस जगत नाही. शेजारच्या गल्लीत सोडलेला उंदीर मात्र परत येतो किंवा दुसऱ्याच्या घरात शिरतो, आणि चाकणच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये धान्याची पिशवी जमिनीवरच ठेवावी लागणाऱ्या कामगाराला हे औदार्य महागात पडते.

आरोग्याच्या दृष्टीने आज सर्वांत महत्त्वाचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदराच्या मूत्रपिंडात राहून त्याला फारसे आजारी न करणाऱ्या, परंतु त्याच्या मूत्रातून बाहेर पडून माणसाच्या त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे व तोंडाच्या आवरणातून शरीरात शिरणाऱ्या जिवाणूंच्या आजाराचा आहे. घाबरलेला उंदीर पिंजऱ्यात वारंवार मूत्र सोडतो, त्यामुळे त्याच्या दातांइतकीच पिंजऱ्याची ओली तार धोकादायक असते. पिंजऱ्यावर जुने कापड टाकल्यास उंदीर बराच शांत होतो. रबरी हातमोजे घातल्याशिवाय पिंजरा उचलू नये आणि मुलांना तो पाहायला जवळ येऊ देऊ नये.

मेलेल्या उंदराबाबतची सावधगिरी या परिसराला इतिहासानेच शिकवायला हवी होती. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरांची झडती घेतली जात होती, सामान जाळले जात होते, आणि त्या जाचाचा सूड म्हणून मूळच्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जून रोजी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. दामोदर चापेकरांना 18 एप्रिल 1898 रोजी फाशी झाली, आणि त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने फ्रेंच वैद्यक पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून हा रोग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो असे दाखवले. म्हणजे घरे उपसली जात होती तेव्हा खरा वाहक कोण, हे उपसणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते. उंदीर मरून थंड पडू लागला की पिसवा त्याचे अंग सोडून नवे ऊबदार शरीर शोधतात, हे यातील मर्म होय. प्लेग आज येथे नित्याचा नाही. तरीही नुकताच मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलण्याची सवय सोडलेलीच बरी.

मारण्याच्या घरगुती पद्धतींपैकी पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवणे ही सर्वांत रूढ व सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण उंदीर चांगला पोहणारा असल्याने तो मरेपर्यंत धडपडत राहतो. गोंदाचा पुठ्ठा, म्हणजे चिकट पदार्थ फासलेला सापळा, याहून क्रूर असून त्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत राहतो. प्राण्यांना अनावश्यक वेदना देण्यास मनाई करणारा 1960 चा कायदा या व्यवहारात कोणालाच आठवत नाही. ज्यांना उंदीर नकोच आहे त्यांनी पिंजऱ्याऐवजी मान मोडून तत्काळ मारणारा चाप वापरावा. पिंजराच लावला असेल तर तो दर काही तासांनी पाहावा आणि जिवंत उंदीर प्रशिक्षित पेस्ट कंट्रोल कर्मचाऱ्याच्या हवाली करावा. पकडलेला प्राणी लांब नाकाची चिचुंद्री निघाली, तर ती उंदरांच्या कुळातली नसून किडे खाणारी आहे, हे ध्यानात घेऊन तिला अंगणातच मोकळे करावे.

मृत उंदरावर व पिंजऱ्यावर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण शिंपडून दहा मिनिटे थांबावे, मृत उंदीर दोन पिशव्यांत घट्ट बांधावा, आणि तो उघड्यावर किंवा पवनेत न फेकता महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाला विचारून विल्हेवाट लावावी. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, कारण धुळीबरोबर जंतू श्वासात जातात. त्या आधी भिजवून मग पुसाव्यात. बोटभर रुंदीच्या फटीतूनही उंदराचे पिल्लू आत येते, म्हणून पाइपांभोवतीच्या फटी सिमेंट व तारेच्या जाळीने बुजवल्याशिवाय सापळ्याचा उपयोग तात्पुरताच राहतो.

उंदीर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिंजरा हाताळल्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आल्यास, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता उंदराचा उल्लेख स्वतःहून करावा.