स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता विचारू द्या

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांच्या धान खरेदीच्या फाइली एकत्र करणारी पॉवरशेल स्क्रिप्ट कुणी लिहिली आणि प्रत्येक तालुक्याचं वेगळं फोल्डर केलं. फाइली शोधायच्या कुठून? बहुतेक जण सी ड्राइव्हपासून आपल्या डेस्कटॉपपर्यंतचा अख्खा पाथ स्क्रिप्टमध्येच लिहून टाकतात. ही सवय मोडायलाच हवी.

संगणक बदलतो. पेनड्राइव्ह एका यंत्रावर ई, तर दुसऱ्यावर एफ. ज्यानं स्क्रिप्ट लिहिली त्याची बदली झालेली असते आणि मागे राहिलेला ऑपरेटर लाल अक्षरांतल्या संदेशापुढे हतबल होतो. चूक त्याची नसते.

पाथ गाळून ‘चालू फोल्डर’ गृहीत धरणंही धोक्याचं. टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ची जागा रिकामी ठेवली, तर काम सहसा विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरातून सुरू होतं. दुपारी बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट रात्री फाइल सापडत नाही म्हणून थांबते.

यावर उत्तर २०१२ मध्ये आलेल्या पॉवरशेलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तयार आहे. ‘पीएसस्क्रिप्टरूट’ हे चल स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे त्याचा पाथ देतं. त्याच्या वरचं फोल्डर हवं असेल तर ‘स्प्लिट-पाथ’, खालच्या तालुक्याच्या फोल्डरात उतरायचं तर ‘जॉइन-पाथ’. मात्र हे चल स्क्रिप्ट फाइल चालवतानाच भरतं. त्याच ओळी पॉवरशेलच्या खिडकीत चिकटवल्या तर ते रिकामं येतं, आणि नवशिके इथेच गोंधळतात.

मराठीत काम करणाऱ्यांना तर याची गरज अधिक. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला बीओएम ही एन्कोडिंगची खूण नसेल तर ती जुन्या एन्कोडिंगनं वाचतं. मग स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या देवनागरी फोल्डरनावाची अक्षरं बिघडतात. चालताना विचारून घेतलेल्या पाथला ही बाधा होत नाही. बॅच फाइलमध्ये असाच पाथ घेतला, तर तो अवतरणचिन्हांत ठेवावा. नाहीतर ‘सडक अर्जुनी’ या तालुक्याच्या नावातल्या मोकळ्या जागेवर आज्ञेचे दोन तुकडे होतात.

जिल्ह्यातल्या आयटीआय आणि महाविद्यालयांनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवावं. कार्यालयांनी स्क्रिप्ट ताब्यात घेताना एकच चाचणी लावावी: अख्खं फोल्डर दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या नावाच्या ड्राइव्हवर ठेवून चालवायचं. एकही ओळ न बदलता चाललं, तरच स्वीकारायचं.