गाडीच्या पेटीतली धार

मार्गशीर्ष आणि माघाची पौर्णिमा जवळ आली की आपल्या भागातून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराकडे गाड्या निघतात. पूर्वी त्या बैलांच्या होत्या, आता ट्रॅक्स असते, टेम्पो ट्रॅव्हलर असते. आत गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन, पिठाचे डबे आणि दोन-तीन पिढ्यांची माणसे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी तशी योजना जाहीर केली. तेव्हा ‘चाकांवरचे घर’ म्हणून वर्तमानपत्रांत त्याचे बरेच कौतुक झाले. आपल्याकडच्या यात्रेकरूंना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

अशा प्रवासात स्वयंपाकाची पिशवी चोख भरलेली असते. ती आजीच्या देखरेखीखाली भरते ना! गाडीच्या हत्यारांच्या पेटीकडे मात्र कुणी बघत नाही. तिच्यात एक पान्हा, एक स्क्रू ड्रायव्हर, गंजलेली पक्कड आणि मागच्या वर्षीचे सुपारीचे खांड निघते. मग वाटेत वायर सोलायची वेळ आली की घरातला पुरुष हात पुढे करतो तो थेट स्वयंपाकाच्या सुरीकडे. बॅटरीच्या आम्लाला आणि ग्रीसला लागलेली ती सुरी पुन्हा कांद्यावर चालते. विळीला मराठीत विळी म्हणा की कानडीत ईळिगी, तिच्यावर वायर सोलू न देणारी बाई शहाणी. म्हणून पहिली गोष्ट ही की कापण्याची हत्यारे दोन घरांची असावीत, आणि दोन्ही घरांनी एकमेकांकडे उसने मागू नये.

पेटीतली हत्यारे फार लागत नाहीत. पुढे सरकणाऱ्या पात्याचा कटर घ्या, तुकडा मोडला की नवे टोक मिळते तो. ही युक्ती १९५६ साली जपानमध्ये निघाली. फुटलेल्या काचेची धार आणि तुकडे पडणारे चॉकलेट, यांवरून ती सुचली असे सांगतात. नऊ मिलिमीटरचे पाते कागदाला ठीक, गाडीत अठरा मिलिमीटरचे ठेवा. रेडिएटरचा होज टोकाशी चिरला तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, क्लॅम्प सैल करायचा, चिरलेला भाग या पात्याने सरळ कापून टाकायचा आणि उरलेला होज पुन्हा बसवायचा. लांबी पुरत असेल तर पुढच्या गावापर्यंत गाडी जाते. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण मात्र उघडायचे नाही, कितीही घाई असो. आणि शेगडीच्या गॅसच्या नळीला हा उपाय लावू नये. ती चिरली की नवीनच घ्यायची, तोवर चहा टपरीवरचा.

वायरसाठी साइड कटर हवा. पक्कडीलाही कापण्याची धार असते, पण अडचणीच्या जागी तिचे जाड तोंड शिरत नाही. गाडीची वायर बारा व्होल्टची, तिचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. भीती झटक्याची नसून आगीची असते. कापताना धन तार बॉडीला टेकली तर ठिणगी उडते आणि वायर तापून पेट घेऊ शकते. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवा, मग कापा.

लोखंडासाठी हॅकसॉ. बारा इंची पात्याला चौकट मोठी लागते, ती पेटीत मावत नसेल तर सहा इंची छोटी मिळते. पाते विकत घेताना एका इंचात किती दात आहेत ते विचारावे : अठरा, चोवीस की बत्तीस. जाड लोखंडाला अठरा, पातळ पत्र्याला आणि नळीला बत्तीस, आणि एकच घ्यायचे तर चोवीस. कापायच्या जाडीवर एका वेळी दोन-तीन दात तरी टेकले पाहिजेत, नाहीतर पाते अडकून दात उडतात. दातांची तोंडे मुठीपासून पुढे हवीत. उलटे बसवलेले पाते घेऊन घाम गाळणारे पुष्कळ.

आता कोयत्याकडे येतो, कारण पावसाळ्यात चोर्ल्याने गोव्याला जाणारे बरेच जण सीटखाली कोयता ठेवतात. मला तो पसंत नाही. कोयत्याला हात फिरवायला मोकळी जागा लागते. ओल्या मुठीने, भोवती माणसे उभी असताना, अंधारात त्याचा घाव कुठे जाईल ते सांगता येत नाही. त्याऐवजी घडीची करवत घ्या, तिलाच आपल्या घरांत कुणी गरगस म्हणते. हिचे दात ओढताना कापतात, म्हणून पाते पातळ असूनही वाकत नाही, आणि मिटली की धार आत जाते. मनगटाएवढी फांदी ती सहज तोडते. फांदी वाकून ताणलेली असेल तर आधी दबलेल्या, म्हणजे आतल्या बाजूने थोडे कापावे, मग ताणलेल्या बाजूने, नाहीतर ती फाटून अंगावर येते. अख्खे झाड आडवे असेल तर तिथे आपले काम नाही. आणि झाडात विजेची तार गुंतलेली दिसली तर करवत पेटीतच राहू द्या, माणसांना लांब करा आणि वीज खात्याला फोन लावा.

इथवरची सारी हत्यारे मागे डिकीत राहिली तरी चालतील. एक मात्र नाही. पट्टा कापण्याचे हत्यार आणि काच फोडण्याची टोकदार हातोडी, बहुधा एकातच असतात, ती पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजेत. उलटलेल्या किंवा पाण्यात गेलेल्या गाडीत डिकी उघडायला कोण जाणार? या हत्यारात पाते एका खाचेत लपलेले असते, त्यामुळे अंगाला लागत नाही. पट्टा ताणून धरायचा आणि तिरका ओढायचा. माणूस उलटा लटकत असेल तर आधी त्याला खालून आधार द्यायचा, मग पट्टा कापायचा, नाहीतर तो मानेवर पडतो. हातोडी बाजूच्या काचेवर, कोपऱ्याजवळ मारायची. तिथली काच कडक केलेली असते, तिचे बारीक दाणे होतात. समोरच्या काचेत मधे पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच पापुद्र्याच्या असतात. आपल्या गाडीत कुठल्या, हे घरी असतानाच काचेवरच्या खुणेवरून किंवा मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

आमच्या कॉलेजच्या एका सहलीत भाड्याच्या बसमध्ये हातोडीची चौकट होती, खाली सूचनाही लिहिली होती. हातोडी नव्हती. चालक म्हणाला, “मुलं नेतात सर, म्हणून काढून ठेवली.” कुठे ठेवली, ते त्यालाही आठवेना. तेव्हापासून गाडी ठरवताना दर विचारण्याआधी मी खिडकीकडे बघतो. बसवाल्यांना ते आवडत नाही.

प्रथमोपचाराच्या डब्यात बोथट टोकाची कात्रीही टाका. जखमेवरचे कापड कापायला ती हवीच. दुचाकीच्या चाकात ओढणी किंवा पदर गुंतला तर गळ्याभोवतीचा फास सोडवत बसायला वेळ नसतो, तिथेही तीच.

धारेची हत्यारे घेऊन फिरण्यावर पोलीस काय म्हणतील, असे काही जण विचारतात. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. पेटीत, पिशवीत गुंडाळलेली करवत म्हणजे अवजारच. सीटखाली उघडा ठेवलेला कोयता तपासणीत वेगळा दिसतो, आणि जत्रेच्या बंदोबस्तात तर फारच वेगळा.

यात्रेला निघण्यापूर्वी संध्याकाळी पेटी एकदा उघडा. करवतीच्या घडीच्या खिळ्यावर तेलाचा थेंब, साइड कटर दोनदा उघडझाप, कात्री जुन्या फडक्यावर चालवून पाहणे, एवढेच. आणि कटरचे मोडलेले तुकडे टाकायला झाकणाची एक रिकामी औषधाची बाटली पेटीतच ठेवा. यल्लम्माच्या डोंगरावर माणसे अनवाणी चालतात.