दुखतंय किती, हे कोण ठरवणार?

मागच्या पावसाळ्यात एका गावातल्या बैठकीत पाळीच्या दुखण्याचा विषय निघाला. पंधरा-वीस जणी होत्या. मी समाजकार्याच्या वर्गात शिकलेली पट्टी पिशवीतून काढली. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याच्यापलीकडे दुखणं नाही. तर तुमचं कितीवर? सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, "मार्क द्यायला मी काय मास्तरीण हाय का? पण एक सांगते. दवाखान्यातली गोळी घेतली की माझं दुखणं रुपयात सहा आणे कमी व्हायचं. दहा आणे तसंच राह्याचं. तेवढ्यात मी भाकरी थापून घ्यायची."

मी पट्टी परत पिशवीत ठेवली. रात्री एसटीत बसल्यावर लक्षात आलं, मावशींनी जे केलं तेच जगभरातले औषधं तपासणारे करतात. ते फक्त आणे म्हणत नाहीत.

औषधांच्या चाचण्या हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पण दुखण्यावरच्या साध्या गोळीकडे आपण कधी त्या नजरेनं पाहिलं नाही. ही गोळी गुणकारी आहे, हे ठरतं कसं?

रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला रक्ताची तपासणी आहे. दुखण्याला असं काही नाही. दुखणाऱ्या माणसाला विचारायचं, एवढा एकच मार्ग. चाचणीत घेताना दुखणं निदान 'मध्यम' तरी लागतं. थोडंसंच दुखत असेल तर औषधानं फरक पडला की नाही, हे कळणार कसं? मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं काही जणांना औषध देतात आणि काही जणांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली गोळी. कोणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि विचारणाऱ्या नर्सलाही नसतं. त्यानंतर ठरावीक वेळानं, साधारण सहा तासांपर्यंत, विचारत राहायचं: आता किती दुखतंय? आराम काहीच नाही, थोडा, मध्यम, बराच की पूर्ण? कधी दहा सेंटिमीटरची आडवी रेघ पुढे ठेवतात आणि तिच्यावर खूण करायला सांगतात. या उत्तरांची बेरीज होते. जेवढा आराम मिळणं शक्य होतं त्याच्या निम्मा तरी मिळाला, तर त्या माणसाला औषध लागू पडलं असं धरतात. म्हणजे रुपयात आठ आणे. मावशींची गोळी सहा आण्यांवर नापास झाली असती!

मग शेवटी एक आकडा काढतात: किती जणांना औषध दिलं म्हणजे, पोकळ गोळीच्या तुलनेत, आणखी एकाला असा निम्मा आराम मिळतो? शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनसाठी हा आकडा अडीचच्या आसपास येतो, १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसाठी साडेतीनच्या थोडा वर. कळ सोसवेनाशी झाली तर चाचणीतल्या रुग्णाला दुसरं औषध मागता येतं, आणि ते किती वेळानं मागितलं, याचीही नोंद होते. मागता येतं, आणि मागितल्यावर मिळतं, हे नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ही पद्धत कोणा एका कंपनीनं काढलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना दिसलं, की मोठमोठ्या जखमा झालेले बहुतेक सैनिक दुखण्यावरचं औषध मागतच नाहीत. जखमेच्या आकारावरून दुखणं मोजता येत नाही, हे त्यांनी १९४६ मध्ये लिहिलं. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात रेमंड हाउड आणि स्टॅनली वॉलेनस्टाइन यांनी कॅन्सरच्या रुग्णांवर वेदनाशामकांच्या चाचण्या बसवल्या, तेव्हा खाटेपाशी जाऊन विचारण्याचं आणि टिपून घेण्याचं काम ॲडा रॉजर्स या नर्सबाईंनी केलं. अख्ख्या शास्त्राचं मोजमापाचं यंत्र कोणतं, तर विचारणारी बाई आणि सांगणारा रुग्ण. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येसोबतच्या टिपांत, माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखला पाहिजे, असं स्पष्ट म्हटलं आहे.

आता आपल्या दवाखान्यात चला.

बाळंतपणात टाके घालताना भूल दिली नाही, किंवा दिली पण ती चढायची वाट पाहिली नाही, असं सांगणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. ओरडलं की काय ऐकावं लागतं, ते इथे लिहीत नाही. लेबर रूममध्ये गेलेल्या प्रत्येकीला ते पाठ आहे. आणि गंमत अशी (गंमत कसली!), की वेदनाशामकं किती काम करतात हे शोधताना शास्त्रज्ञांनी जी दुखणी वापरली, त्यात अक्कलदाढ काढल्यानंतरच्या दुखण्याबरोबर बाळंतपणातल्या टाक्यांचं दुखणं आणि बाळंतपणानंतरच्या कळा हीही होती. अमेरिकेत, व्हेनेझुएलात ओल्या बाळंतिणींच्या खाटांपाशी तासातासाला विचारून औषधांचे आकडे गोळा झाले. त्यातल्या काही जणींना पोकळ गोळी मिळाली. म्हणजे कोणती गोळी किती गुणाची, हे बाळंतिणीच्या शब्दावर ठरलं. तोच शब्द तिनं आपल्याकडच्या वॉर्डात उच्चारला तर तो कांगावा.

कोणी म्हणेल, बायकांच्या सांगण्यावर डॉक्टरनं विसंबायचं का? माझं उत्तर सोपं आहे. औषध कंपन्यांचा यातला सगळा व्यापार त्याच सांगण्यावर उभा आहे. विक्रीचा परवाना मागताना जो पुरावा चालतो, तो उपचार मागताना का चालू नये?

तांबीचंच घ्या. चिलीमध्ये दोन हजारांहून जास्त बायकांना तांबी बसवण्याआधी आयब्युप्रोफेन किंवा पोकळ गोळी देऊन पाहिलं. २००६ मध्ये निकाल आला: गोळीनं फरक पडत नाही, आणि तसंही दोन्ही गटांतल्या मधल्या बाईचं दुखणं दहापैकी एकच! वाचून वाटेल, चला, तांबी दुखतच नाही. पण मधली बाई म्हणजे सगळ्या बाया नव्हेत. तिच्या वरच्या अंगाला निम्म्या बायका असतात, आणि त्यात पाच सांगणारी असते तशी नऊ सांगणारीही असू शकते. अमेरिकेतल्या २०१४च्या एका अभ्यासात तांबी बसवून घेणारी आणि बसवणारी, दोघींनाही शंभर मिलिमीटरच्या रेघेवर खूण करायला सांगितलं. बायकांची सरासरी खूण पासष्टच्या जवळ होती. बसवणाऱ्यांनी त्याच दुखण्याला सरासरी पस्तीस दिले. एकच खोली, एकच वेळ, आणि तीस मिलिमीटरचा फरक! अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं २०२४ मध्ये सूचना काढली, की तांबी बसवण्याआधी दुखण्याबद्दल आणि त्यावरच्या उपायांबद्दल प्रत्येकीशी बोलावं. आपल्याकडे शिबिरात रांग लावून बसवलेल्या तांब्यांच्या वेळी कोणती पट्टी, कोणती रेघ?

आकडे नीट वाचले तर ते आपल्या बाजूनं बोलतात. पाळीच्या दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या जातीच्या औषधांच्या ८० चाचण्या, ५,८२० बायका, यांचा कॉक्रेनचा आढावा २०१५ मध्ये आला. पोकळ गोळी घेऊन शंभरातल्या १८ जणींना पुरेसा आराम पडत असेल, तर खऱ्या गोळीनं ४५ ते ५३ जणींना पडतो. औषध काम करतं, यात शंका नाही, आणि ते प्रत्येक मुलीला मिळालं पाहिजे. पण उरलेल्या जवळजवळ निम्म्या? त्यांनी "गोळीनं काही होत नाही" म्हटलं, की घरात आई आणि दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, "सगळ्यांना पडतो आराम, तुलाच कसा नाही?" ती पोरगी खोटं बोलत नाही. शास्त्र तिच्या बाजूला आहे, फक्त तिला ते कोणी सांगितलेलं नाही. तिला दुसरं औषध हवं, आतमध्ये काही दुखणं वाढतंय का याची तपासणी हवी.

आणि या चाचण्यांत बाई होती तरी किती? पाळी, बाळंतपण सोडलं तर बराच काळ तिला बाहेरच ठेवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते १९९३ मध्ये मागे घेतलं. प्रयोगशाळेत तर उंदीरसुद्धा नर! 'पेन' या वेदनेवरच्या प्रमुख नियतकालिकात १९९६ ते २००५ मध्ये आलेल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांपैकी ७९ टक्क्यांत फक्त नर वापरले होते. याचा परिणाम होतो. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच्या १९९६च्या अभ्यासात नाल्ब्युफिनसारखी औषधं बायकांना पुरुषांपेक्षा जास्त लागू पडलेली दिसली. दोघांना वेगळं मोजल्याशिवाय हे कळलंच नसतं.

पण माझं खरं भांडण पट्टीवरच्या प्रश्नाशी आहे. "किती दुखतंय?" हा प्रश्न शांत खाटेवर पडलेल्या माणसाला धरून केलेला आहे. बीडची ऊसतोड कामगार बाई पहाटे फडात उतरते. एक दिवस खाडा झाला की मुकादम पाचशे रुपयांपर्यंत कापतो, असं बायकांनी सांगितलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं, की जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. अंगावरचं जाणं, पोटातलं दुखणं, यावर हा उपाय! तिला सहा तासांतला आराम कोणत्या कामाचा? तिचा दिवस बारा तासांचा असतो.

काही चाचण्यांनी कामावरची किंवा शाळेतली गैरहजेरी विचारली आहे, पण त्या मोजक्या. मलाही आधी वाटायचं, की हेच विचारलं पाहिजे: गोळी घेऊन कामाला जाता आलं का? आता तसं वाटत नाही. हा मुकादमाचा प्रश्न झाला. गोळी घेऊन मोळी उचलता आली, म्हणजे औषध पास; बाई मेली काय अन् जगली काय! मावशींनीही भाकरी थापल्याच की, दहा आणे दुखत असताना. म्हणून मी आता बैठकीत वेगळं विचारते. गोळी घेतल्यावर झोप लागली का? बसून जेवलात का? काम टाकून पडावंसं वाटलं तर पडता आलं का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जणी गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

रकाने ठरवणारी माणसं मात्र आपल्या आवाक्याबाहेरची नाहीत. २०१९च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत निदान सात जण लागतात. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. एक सामान्य नागरिक, एक कायद्याची जाणकार व्यक्ती, एक समाजशास्त्राची किंवा स्वयंसेवी संस्थेची व्यक्ती असावी लागते, आणि निदान एक तरी बाई. त्या खुर्चीवर आज आपल्या शहरात कोण बसतं? आपल्या गटातल्या किती जणींनी कधी विचारलं? चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती यादी कोणालाही पाहता येते. कोणतं औषध, कोणावर, मोजणार काय, सगळं तिथे लिहिलेलं असतं. दर तिमाहीत आपल्यातल्या दोघी-तिघींनी बसून आपल्या जिल्ह्यातल्या नोंदी वाचाव्यात, मोजणार काय हा रकाना आधी. वाचून जे प्रश्न पडतील ते त्या कमिटीला पत्रानं विचारावेत. आणि वॉर्डात टाके घालायच्या आधी "आता दुखतंय का?" हे विचारून केसपेपरवर लिहा, अशी मागणी येत्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडावी. आमच्या गटानं तसा अर्ज तयार केला आहे. ज्यांना हवा त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावं.