येडा आटा

बेळगावात जुनी गाडी असणं आणि ती चालती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहापुरातल्या आमच्या परिचयाच्या एका वकीलकाकांकडे फोर्ड मॉडेल टी आहे. त्यांच्या आजोबांनी घेतलेली. फोर्डनं ही गाडी १९०८ ते १९२७ अशी काढली आणि दीड कोटीच्या वर विकली. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या इतर देशांचा व्यापार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, म्हणून ही गाडीही तिकडूनच आलेली. काकांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि वरात याच गाडीतून काढायची असं घरात ठरलं. मग कुणीतरी पुढचं चाक हातानं हलवून बघितलं. ते डुगडुगत होतं.

मी मराठीचा मास्तर. आट्यांशी माझा संबंध बरणीच्या झाकणापुरता. पण ज्या टर्नर मेस्त्रींकडे हे काम गेलं, त्यांचा नातू माझ्या वर्गात होता, त्यामुळे काकांनी मला सोबत नेलं. ‘सर असले की मेस्त्री वेळ देतात,’ म्हणे.

आता चाक काढल्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना किंगपिनवर फिरणारे स्पिंडल असतात. चाक त्यांच्यावर फिरतं. आत एक बेअरिंग, बाहेर एक. बाहेरच्या बेअरिंगचा कोन नुसता सरकवलेला नसतो, तो स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवतात. त्यावर जीभ असलेला वॉशर, मग खाचांचा नट, आणि नटातून आरपार स्प्लिट पिन. संपलं. या गाडीच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नाही, त्यामुळे चाक धरून ठेवणारं दुसरं काहीही तिथं नाही. आटे गेले तर चाक गेलं.

एका बाजूच्या स्पिंडलला आपले नेहमीचे उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूच्या स्पिंडलला उलटे, डावे. चाक फिरताना बेअरिंगमधून कोनला थोडी ओढ लागते आणि गाडी पुढं जाताना दोन बाजूंची चाकं बाहेरून पाहिल्यास विरुद्ध दिशांना फिरतात. म्हणून दोन्हीकडचे आटे आरशातल्यासारखे ठेवले. या बाजूचे कोन आणि नट त्या बाजूला लावू नका, आटे कापले जातील, अशी सूचना फोर्डच्या माहितीपुस्तकातच होती. पण पुस्तक वाचतो कोण?

काकांच्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात ती ग्रीसिंगला दिली होती. तिथल्या पोरानं उलट्या आट्यांचा नट नेहमीसारखा डावीकडं सोडवायला घेतला. सुटेना, म्हणून पान्याला पाईप लावून जोर केला. म्हणजे तो सोडवत नव्हता, आवळत होता. शेवटी छिन्नी हातोडा. आटे आडवे झाले, आणि वर तसंच बसवून गाडी परत दिली.

मेस्त्रींनी दोन्ही स्पिंडल रॉकेलनं धुऊन घेतले आणि कंगव्यासारखं गेज लावून आटे बघितले. इंग्रजी गाड्यांवर व्हिटवर्थचे ५५ अंशांचे आटे असतात, अमेरिकन आटे ६० अंशांचे. दोन्हीकडची गोष्ट १९४८ साली एका मापावर आली, तोवर आपापला संसार. बघून ते म्हणाले, ‘सर, हा सरळ आटा वाचंल. येडा आटा ग्येला.’

इथं एक वाक्य आडवं घालतो. कानडीत एड म्हणजे डावा. तिथल्या वर्कशॉपात बोलता बोलता त्याचा ‘येडा आटा’ झालेला आहे, आणि आपल्या मराठी पोरांना तो शब्दशः वेडाच वाटतो. दोन्ही अर्थ बरोबरच म्हणायचे!

उजव्या आट्यांच्या स्पिंडलचे बाहेरचे दोन वेढेच ठोकले गेले होते. ते त्यांनी आट्यांच्या कानशीनं, एकेक वेढा मोकळा करत नीट केले. डाय चढवली नाही. डाय थोडी तिरकी बसली की चांगले आटेही सोलून काढते, असं त्यांचं म्हणणं. तासभर लागला असेल. मग कोन हातानं फिरवून बघितला. शेवटपर्यंत गेला, हलला नाही.

दुसऱ्या स्पिंडलवर मात्र भांडण झालं. नवरदेव म्हणाला, वेल्डिंगनं भर घालून लेथवर आटे पाडा, उद्या होईल. काकांनाही ते पटत होतं, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या. मेस्त्रींनी लेथ बंद केला. ‘ब्याड्री. गाली बिद्दर एन माडोदु?’

ते वेल्डिंगच्या विरोधात नव्हते. उसाच्या घाणाचे, पंपांचे शाफ्ट भरून देण्यातच त्यांची हयात गेली. पण फोर्डनं या ॲक्सलसाठी व्हॅनेडियमचं पोलाद वापरलं, भट्टीत तापवून मुद्दाम चिवट केलेलं. वेल्डिंगची आच लागली की शेजारचा भाग भराभर थंड होऊन ठिसूळ होऊ शकतो, आणि बारीक चीर वरून दिसत नाही. आधी सगळा तुकडा तापवून, नंतर हळूहळू थंड करून हे काम करणारे लोक आहेत. तशी भट्टी त्यांच्याकडं नव्हती, आणि अंदाजानं करायला ते तयार नव्हते. टोक बारीक करून नवे आटे पाडावेत, तर मूळ कोन त्यावर बसणार नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं आणि मी ते तिथंच बोललो. नवरदेव दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वरात शेवटी भाड्याच्या गाडीतून निघाली. काकू सोडल्या तर कुणाला फार वाईट वाटलं नाही. त्यांना ती गाडी सासऱ्यांची वाटते.

दुसरा स्पिंडल जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाकडून मिळाला, लग्नानंतर अडीच महिन्यांनी. आटे उत्तम, पण नट नाही. तो मेस्त्रींनी करून दिला, आणि मी मुद्दाम बघायला गेलो. डावा आटा पाडताना लेथचं हत्यार उलटं, चकाकडून बाहेरच्या बाजूला सरकत जातं. त्यांचा लेथ जुना, इंचाच्या मापाचा, म्हणून सोपं गेलं. मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे बरोबर पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण २५.४ ला पाचनं गुणलं की पहिला पूर्णांक तोच येतो. हे गणित त्यांनी मला खडूनं लेथच्या पत्र्यावर करून दाखवलं.

याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचा धंदा सुरू केला आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. आज उद्यमबागेत संगणकावर चालणारे लेथ आहेत. मेस्त्रींचा मुलगा त्यातल्याच एकावर असतो. एका नटासाठी तिथं कुणी मशीन थांबवणार नाही, हे तोच सांगतो.

किंगपिनचे बुश रीमर मारून बसवले, चाकं चढली. कोन आधी पूर्ण आवळायचा, मग इतपत सैल करायचा की चाक मोकळं फिरेल पण डुलणार नाही. जॅकवर गाडी घेऊन मेस्त्रींनी नवरदेवालाच चाकाला वर आणि खाली धरून हलवायला लावलं. हललं नाही. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालावी म्हणून तो वाकला, तर मेस्त्रींनी ती त्याच्या हातातून काढून भंगारात टाकली आणि खिशातून नवी दिली.