फायनल तेवढी होऊन जाऊ दे!



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे क्रीडा स्पर्धांचे वारे वाहू लागतात. आधी केंद्र, मग बीट, मग तालुका. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे. मुलं वर्षभर या दिवसांची वाट बघतात. यंदाच्या नियोजनाच्या बैठकीत मी एक विषय काढला आणि थोडा हशा पिकला. विषय होता, स्पर्धेच्या दिवशी वादळ आलं तर काय करायचं? एक सर म्हणाले, "मॅडम, डिसेंबरात कुठलं वादळ?" मला त्यांचा राग आला नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. खरं तर म्हणालेच होते.

तो शनिवार होता. आदल्या रात्री शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यलो अलर्टचा मेसेज आला होता. त्याखाली आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि झोपलो. सकाळी लख्ख ऊन. मंडप भाड्याने आणलेला, दोनशे मुलांचा मसालेभात चुलीवर, बक्षीस वाटपाला पाहुणे यायचे. दुपारी तीनच्या सुमारास डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलं. मुलींच्या कबड्डीची फायनल लागणार होती आणि आमची शाळा फायनलला होती. कुणीतरी म्हणालं, "आवरतं घेऊया का?" त्यावर, "फायनल तेवढी होऊन जाऊ दे, कितीशी वेळ लागतेय," असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते.

दुसरा डाव सुरू झाला आणि वारा सुटला. साधा नाही, डोळ्यांत माती जाऊन काही दिसेना असा. मीच ओरडले, "मुलांनो, मंडपात या!" मुलं शहाणी, बाईंचं ऐकतात. धावत मंडपात आली. मंडपाची एक बाजू उचलली गेली, बांबू सुटला आणि चौथीतल्या एका मुलीच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. डोक्यात पडला असता तर, हा विचार मी आजही पुरा करत नाही. शाळेची पक्की खोली मंडपापासून वीस पावलांवर होती. तिला कुलूप होतं आणि चावी पाहुण्यांना आणायला गेलेल्या सरांच्या खिशात.

तिची आई दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही होता ना तिथं?"

तेव्हापासून वादळ आणि खेळ हे दोन शब्द एकत्र दिसले की मी थांबून वाचते. असं वाचतानाच २०१९ च्या रग्बी विश्वचषकाची हकिगत हाती लागली. रग्बी आपल्या मुलांना फारशी माहीत नाही. फुटबॉलचाच भाऊबंद, फक्त चेंडू लांबट आणि तो हातात घेऊन पळायचं. ही स्पर्धा पहिल्यांदाच आशियात, जपानमध्ये होत होती. साखळी सामन्यांचा शेवटचा शनिवार-रविवार म्हणजे १२ आणि १३ ऑक्टोबर. त्याच शनिवारी हागिबिस नावाचं प्रचंड चक्रीवादळ टोकियोच्या दिशेने येत होतं.

आयोजकांनी गुरुवारीच, म्हणजे दोन दिवस आधी, शनिवारचे दोन सामने रद्द केले. इंग्लंड-फ्रान्स आणि न्यूझीलंड-इटली. विश्वचषकाच्या इतिहासात तोवर एकही सामना रद्द झाला नव्हता. नियम मात्र आधीच लिहिलेला होता: साखळी सामना झाला नाही तर बरोबरी धरायची, दोन्ही संघांना दोन-दोन गुण. झालं असं की न्यूझीलंडला हरवलं तरच आशा असलेला इटलीचा संघ न खेळताच बाहेर पडला. त्यांचा कर्णधार पारिसे चिडला. न्यूझीलंडला गुणांची गरज असती तर सामना रद्द झालाच नसता, असं त्याने बोलून दाखवलं. स्कॉटलंडवाल्यांनी तर रविवारचा आपला सामना रद्द केलात तर बघून घेऊ, कोर्टात जाऊ, अशी भाषा केली.

शनिवारी संध्याकाळी वादळ इझु द्वीपकल्पावर आदळलं. हाकोने या डोंगरी गावात एका दिवसात ९०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, हे ज्यांनी पाहिलं त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. रेल्वे कंपन्यांनी आदल्या दिवशीच जाहीर करून गाड्या बंद ठेवल्या होत्या. एवढं करूनही देशभरात शंभरच्या आसपास माणसं गेली. त्या संध्याकाळी हजारो प्रेक्षक मैदानातून घरी निघाले असते तर?

इटलीच्या रागाबद्दल माझं मत सांगते. सामना रद्द केला ते बरोबरच. पण साखळी सामन्यांना राखीव दिवसच ठेवला नव्हता, यावरचा राग रास्त आहे. खेळाडूंवर अन्याय होणार असेल तर कुणाचीही जीभ "होऊन जाऊ दे"कडेच वळते. आपल्या पाचवीतल्या मुलांचंही तसंच, ती तर वर्षभर घाम गाळतात. पर्यायी तारीख आधीच ठरलेली असली की नाही म्हणायला जड जात नाही.

रविवारी सकाळी पाहणी करून योकोहामाचा जपान-स्कॉटलंड सामना खेळवला गेला. आधी मृतांना श्रद्धांजली, मग खेळ. जपान २८-२१ असं जिंकलं आणि पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेलं. पण मला या सामन्यापेक्षा त्या स्टेडियमचं जास्त कौतुक वाटलं. ते पूर आला की नदीचं जादा पाणी घ्यायच्या जागेवर, खांबांवर उभारलेलं आहे. त्या वादळात त्सुरुमी नदीचं नऊ लाख घनमीटरहून जास्त पाणी त्या जागेत घेतलं गेलं आणि वर दुसऱ्या दिवशी सामना झाला. म्हणजे त्या रविवारची तयारी वीसेक वर्षं आधी, बांधकामाच्या वेळीच झाली होती.

त्याच रविवारी कामाइशी या छोट्या गावात नामिबिया आणि कॅनडाचा सामना होता, तो रद्द झाला. कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन रस्त्यावरचा चिखल उपसायला उतरले. आपल्यासारख्यांनी या गावात जरा थांबायला हवं. तिथलं मैदान जिथे आहे तिथे पूर्वी एक प्राथमिक आणि एक माध्यमिक शाळा होती. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत दोन्ही शाळा बुडाल्या. पण त्या वेळी शाळेत असलेली जवळपास सगळी, सुमारे ५७० मुलं वाचली. मोठी मुलं धाकट्यांचे हात धरून पळाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती पुरेशी उंच नाही असं दिसलं, तेव्हा आणखी वर गेली. काही वर्षं त्यांचा सराव चालू होता. कातादा नावाचे प्राध्यापक तिथल्या शाळांना शिकवत होते की नकाशावर दिलेल्या अंदाजावर विसंबू नका, जे जमेल ते पूर्ण करा आणि सगळ्यात आधी स्वतः पळायला लागा. तुम्ही पळताना दिसलात की बाकीचेही पळतात.

जपान म्हटलं की आपण लगेच म्हणतो, "ते लोकच वेगळे." पण ओकावाही जपानमध्येच आहे. इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत त्याच दिवशी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. भूकंपानंतर त्यांच्या हातात सुमारे ५० मिनिटं होती आणि शाळेच्या मागेच टेकडी होती. मुलं मैदानात थांबवलेली, आणि शिक्षक कुठे न्यायचं यावर चर्चा करत होते. आपत्तीच्या आराखड्यात आसऱ्याची जागा म्हणून काय लिहिलं होतं? जवळची मोकळी जागा, बाग वगैरे. आपल्याही फाइलमधले आराखडे आठवून बघा. पालक कोर्टात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की दोष फक्त त्या दिवसाचा नाही, शाळेने आणि शिक्षण मंडळाने आधीच नीट तयारी केली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला तो १० ऑक्टोबर २०१९ ला. रग्बीचे सामने रद्द झाले तोच गुरुवार. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

मी स्वतःला बरेच दिवस विचारत होते की त्या शनिवारी तीन वाजता मी काय करायला हवं होतं. ओकावाचं वाचल्यावर लक्षात आलं, प्रश्नच चुकीचा होता. तीन वाजता माझ्या हातात फार काही उरलंच नव्हतं. शुक्रवारी होतं. पत्रक काढलं त्या दिवशी तर सगळंच होतं.

"काही होत नाही" हे वाक्य आपल्याकडे आलं कुठून, हेही मला ठाऊक आहे. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ येणार म्हणून मुंबई-रायगडकडच्या शाळांना सुट्टी दिली. पाऊस पडला, आणि वादळ गुजरातकडे जाता जाता विरलं. लोक हसले. केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार त्याच ओखीत परत आलेच नाहीत, ही बातमी आपण विसरलो. मग ३ जून २०२० ला निसर्ग आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, शाळांचे पत्रे उडाले. लॉकडाऊन होता म्हणून वर्ग रिकामे होते. आमच्या शाळेचे दोन पत्रे पलीकडच्या वाडीत सापडले. ते पाहून आलेली मी, तरीही पुढे "होऊन जाऊ दे" म्हणालेच. नुसतं बघून माणूस शिकत नाही, हे शिक्षिकेने कबूल करायला हरकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की स्पर्धेच्या पत्रकातच राखीव दिवस छापावा. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर आदल्या संध्याकाळीच स्पर्धा पुढे ढकलावी, मैदानावर जमून मतदान घेऊ नये. पिवळा असेल तर खेळावं, पण एका माणसाने दुसरं काही न करता आभाळाकडे आणि 'दामिनी' ॲपकडे लक्ष ठेवावं. हे ॲप पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर कळवतं. त्या माणसाने शिट्टी वाजवली की फायनल असो की आणखी काही, डाव थांबला. मुख्याध्यापकांनीही त्याला विचारायचं नाही. मुलांनी मंडपात नाही, आंब्याखाली नाही, पक्क्या खोलीत जायचं. खोल्या उघड्या हव्यात. आणि मुलांना हे सकाळच्या परिपाठातच एकदा पळवून दाखवायचं, मोठ्याने धाकट्याचा हात धरून. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा सगळा गोंधळ झाला, दोन पोरं चपला शोधायला मागे फिरली. तिसऱ्यांदा चार मिनिटांत सगळी आत.

पालकहो, तुमच्याशीही थोडं बोलायचं आहे. स्पर्धा थांबवली की "एवढी रोजंदारी बुडवून आलो" असं तुम्ही म्हणता, आणि ते खोटं नाही. पण त्या आवाजाला आम्ही शिक्षक घाबरतो, पाहुण्यांना घाबरतो त्यापेक्षा जास्त. तुमच्यातल्या एकाने जरी "बाई, थांबवा" म्हटलं, तर आम्हाला बळ येतं.

यंदाच्या पत्रकात राखीव दिवस आला आहे. खोल्यांच्या चाव्या कोणाकडे, या रकान्यात माझं नाव आहे. दुसऱ्या दिवशीच्या मंडपाचं भाडं आणि जेवण कोण देणार, यावर मात्र एकमत झालेलं नाही. पुढच्या बैठकीत तोच पहिला विषय आहे.